मुंबईहून पहिली क्रूझ: बुकिंगपासून उतरण्यापर्यंत

क्रूझची चौकशी करताना एजंटला पहिला प्रश्न हमखास विचारला जातो, "माणशी किती?" हा प्रश्न चौथा असायला हवा. आधी महिना ठरवा, मग मार्ग, मग केबिन, आणि त्यानंतर पैसे. हा क्रम उलटला की स्वस्तात मिळालेली केबिन डिस्कोच्या बरोबर वर निघते, किंवा गुडघे दुखणाऱ्या आजींना भर समुद्रात हलत्या बोटीत उतरायची वेळ येते. जहाजावर पाय ठेवल्यानंतर यातले फारसे काही बदलता येत नाही, म्हणून या लेखात बुकिंगला जास्त जागा दिली आहे.

महिना

अरबी समुद्राचा स्वभाव कोळीवाड्यात कुणालाही विचारा. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात मासेमारी बंद असते आणि परंपरेने नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून होड्या पुन्हा समुद्रात जातात. जून ते सप्टेंबर या काळात मोठे जहाजही चांगलेच डोलते. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावरच्या सहलींचा खरा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. समुद्र शांत, हवा कोरडी आणि रात्री उघड्या डेकवर बसण्याजोगा गारवा. मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर वारा वाढतो, पण त्याने फारसा त्रास होत नाही. मे महिना सुट्टीचा म्हणून घरोघरी पसंत पडतो. तेव्हा डेकवर दुपारी उभे राहवत नाही आणि महिन्याच्या उत्तरार्धात लाटा वाढू लागतात. चक्रीवादळांचेही दोन हंगाम आहेत, एक पावसाळ्याआधीचा आणि एक नंतरचा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आले, २०२० च्या जूनमध्ये निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तर २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस क्यार आणि महा ही दोन वादळे पाठोपाठ उठली. अशा वेळी कंपनी बंदर बदलते, वेळ बदलते किंवा सहलच रद्द करते, आणि तसे करण्याचा हक्क तिने तिकिटाच्या अटींमध्ये राखून ठेवलेला असतो. मे किंवा ऑक्टोबरची तारीख घेणार असाल तर तेवढी अट बुकिंगआधी वाचा.

वारही पाहा. शुक्रवारी सुटणाऱ्या दोन रात्रींच्या सहलीवर मित्रमंडळींचे घोळके जास्त असतात आणि गाणी पहाटेपर्यंत चालतात. आईवडील आणि लहान मुले बरोबर असतील तर आठवड्याच्या मधल्या वारी सुटणारी सहल घ्या. ती बहुधा स्वस्तही पडते.

मार्ग

कॉर्डेलिया क्रूझेसने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईहून फेऱ्या सुरू केल्या. देशांतर्गत क्रूझला पासपोर्ट लागत नाही. मुंबईहून सर्वसाधारणपणे तीन प्रकारच्या सहली मिळतात: समुद्रात जाऊन कुठेही न थांबता परत येणारी, गोव्याला थांबणारी आणि लक्षद्वीपपर्यंत जाणारी.

कुठेही न थांबणारी सहल दिसायला स्वस्त असते. पण पहिल्यांदाच जाणाऱ्याला मधे जमिनीवर पाय टेकायला मिळाला तर बरे वाटते, म्हणून पहिल्या वेळी गोव्याची घ्यावी. मुंबई ते गोव्याचे मुरगाव बंदर हे समुद्रमार्गे अंतर सुमारे ४०० किलोमीटर आहे. जहाज १५ नॉटने, म्हणजे ताशी साधारण २८ किलोमीटरने निघाले तर चौदा-पंधरा तासांत पोहोचते. संध्याकाळी मुंबई सोडावी आणि सकाळच्या चहाला गोवा दिसावा, असे हे अंतर आहे.

गोव्याला एकतर्फी जाण्याचाही पर्याय असतो. त्यात परतीच्या तिकिटाची एक चूक वारंवार होते. जहाज मुरगावला, म्हणजे वास्कोजवळ लागते, आणि स्वस्त दिसले म्हणून विमानाचे तिकीट मोपाचे काढलेले असते. मोपा उत्तरेला पेडणे तालुक्यात, गोव्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. दाबोळी विमानतळ बंदरापासून जवळ आहे. रेल्वेने यायचे असेल तर मडगाव सोयीचे.

लक्षद्वीपची सहल सर्वांत सुंदर, आणि चौकशीही तिचीच सर्वांत जास्त करावी लागते. बेटांभोवती प्रवाळाचे कडे आणि आत उथळ पाणी असल्याने मोठे जहाज धक्क्याला लागू शकत नाही. ते बाहेर नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान बोटीने किनाऱ्यावर नेतात. जहाजाच्या बाजूच्या दारातून त्या बोटीत पाऊल टाकायचे असते, आणि बोट लाटेबरोबर फूट-दीड फूट वर-खाली होत असते. खलाशी दोन्ही दंडांना धरून "आता" म्हणतात त्या क्षणी पाय उचलावा लागतो. गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, चाकाची खुर्ची वापरणारे किंवा तोल जाणारे यांना बहुतेक वेळा जहाजावरच थांबावे लागते. समुद्र जरा जास्त उसळला की कंपनी उतरणेच रद्द करते. हे घरी आधी सांगून ठेवा. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो. त्याचे अर्ज आणि कागद कंपनी आधीच मागते, म्हणून ऐनवेळी बुकिंग करून चालत नाही. बंगाराम सोडले तर बेटांवर दारूबंदी आहे. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडाही उचलू नका, वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

केबिन

चार प्रकार असतात: खिडकी नसलेली आतली केबिन, समुद्राकडे बंद खिडकी असलेली, बाल्कनीची, आणि सुईट. मुंबईहून ज्या 'एम्प्रेस' जहाजाने या फेऱ्या सुरू झाल्या ते १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेले, २११ मीटर लांबीचे जहाज. त्या काळच्या जहाजांवर आतल्या केबिन लहान असत, आपल्या घरातल्या छोट्या बेडरूमएवढ्या किंवा त्याहूनही कमी, आणि बाल्कनीच्या केबिन मोजक्याच. नव्या जहाजांवर चित्र वेगळे असते. म्हणून जहाजाचे नाव विचारा आणि त्याच जहाजाचा डेकनकाशा मागवा. जाहिरातीतला फोटो बहुधा सर्वांत महागड्या केबिनचा असतो.

दोन रात्रींच्या सहलीला बाल्कनीवर पैसे घालू नयेत, कारण दिवसभर तुम्ही केबिनमध्ये नसता. आतली केबिन आणि समुद्रखिडकीची केबिन यांतला फरक मात्र मोजण्यासारखा आहे. आतल्या केबिनमध्ये दिवा मालवला की मिट्ट काळोख होतो, सकाळ झालेली कळत नाही, आणि ज्यांना बंद जागेत गुदमरते त्यांना झोप लागत नाही. आतलीच घेतलीत तर लहानसा नाइट लॅम्प जवळ ठेवा.

प्रकारापेक्षा जागा महत्त्वाची. जहाज दोन तऱ्हांनी हलते: डावी-उजवीकडे कलते आणि नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, वर-खाली होते. कलणे कमी करायला बाजूला पंखांसारखे स्थिरक असतात, पण नाळेच्या वर-खाली होण्यावर त्यांचा इलाज चालत नाही. ती हालचाल सी-सॉच्या फळीसारखी दोन टोकांना सर्वांत जास्त आणि मध्यावर सर्वांत कमी असते. शिवाय जितके वरचे डेक तितके कलणे जास्त जाणवते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांच्यासाठी खालच्या डेकवरची, लांबीच्या मध्यावरची केबिनच मागा. एजंट "वरचे डेक, सर, भारी आहे" म्हणाला तरी हट्ट सोडू नका.

आता नकाशावर आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते पाहा. वर पूल, म्हणजे पोहण्याचा तलाव, असेल तर पहाटे सहाला खुर्च्या ओढण्याचा आवाज थेट छतातून येतो. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत पलंगाखाली ढोल वाजतो. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील अशी जागा शोधा. लिफ्टसमोरची केबिन टाळा, पण वयस्कर माणसे असतील तर लिफ्टपासून पाच-सहा दारांच्या आतली घ्या, कारण जहाजातले बोळ फार लांब असतात. समुद्रखिडकीची केबिन घेताना खिडकीसमोर जीवरक्षक नौका टांगलेली नाही ना, हे विचारा. शेजारच्या केबिनला जोडणारे मधले दार असेल तर पलीकडचे बोलणे ऐकू येते. दोन्ही केबिन तुमच्याच असतील तर तेच दार सोयीचे.

चौघांच्या केबिनमध्ये दोन पलंग खाली असतात आणि दोन भिंतीतून किंवा छतातून रात्री उघडतात. वरच्यावर शिडीने चढावे लागते. चार मोठी माणसे आणि एकच बाथरूम असेल तर दोन आतल्या केबिन घेऊन पाहा. कित्येकदा फरक थोडा निघतो.

सर्वांत स्वस्त भाड्यात केबिनचा नंबर आधी मिळत नाही, कंपनी देईल ती घ्यावी लागते. दोन तरुण माणसांना हे चालून जाते. कुटुंबाने तसे करू नये, कारण दोन केबिन दोन टोकांना मिळू शकतात.

पैसे

"माणशी २० हजारांपासून" याचा अर्थ दोघांनी एक आतली केबिन वाटून घेतल्यावरचा, बहुधा कर आणि शुल्क सोडून सांगितलेला दर. नवरा-बायको आणि एक मूल यांच्या दोन रात्रींचा हिशेब समजण्यापुरता मांडून पाहू. दोघांचे ४० हजार. तिसऱ्या पलंगाचा दर कमी, धरा ९ हजार. बंदर शुल्क माणशी अडीच हजार धरले तर साडेसात हजार, आणि ते मुलालाही पूर्ण लागते. सेवाशुल्क माणशी, दर रात्री ५०० धरले तर ३ हजार. झाले ५९,५००, आणि त्यावर कर वेगळा. गोव्यातली गाडी, एखादे खास रेस्टॉरंट, वायफाय मिळवले की आकडा सत्तर-पंचाहत्तर हजारांच्या घरात जातो. म्हणून एजंटकडून एकच आकडा लेखी मागा: सगळ्यांचा, सगळे धरून, शेवटचा.

भाड्यात मुख्य रेस्टॉरंट, बुफे, पूल आणि बहुतेक कार्यक्रम येतात. दारू, खास रेस्टॉरंट, स्पा, कॅसिनो, इंटरनेट, फोटो, कपडे धुणे आणि बंदरावरच्या सहली येत नाहीत. एकट्याने जाणाऱ्याला बऱ्याचदा जवळपास दोघांचे भाडे पडते.

रद्द करण्याच्या अटींमध्ये तीन गोष्टी पाहा: किती दिवस आधी किती टक्के कापतात, तारीख बदलता येते का, आणि नाव बदलता येते का. सहल रद्द केल्यावर बंदर शुल्क परत मिळते का, हेही विचारा. मागितल्याशिवाय ते सहसा कुणी देत नाही.

जहाजावर रोख चालत नाही. चढताना मिळणारे कार्ड हीच केबिनची किल्ली आणि तेच पाकीट. त्याला क्रेडिट कार्ड जोडा. डेबिट कार्ड जोडले तर ठेवीची रक्कम तुमच्या खात्यातूनच अडकते आणि सुटायला काही दिवस लागू शकतात. मुलांच्या कार्डावरची खरेदी पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन बंद करून घ्या.

कागदपत्रे

देशांतर्गत सहलीला प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र लागते, झेरॉक्स चालत नाही. तिकिटावरचे नाव ओळखपत्राप्रमाणेच असावे. लग्नानंतर बदललेले नाव आणि आधारवरचे जुने नाव यांत सर्वाधिक घोळ होतो. परदेशस्थ नातेवाईक येणार असतील तर त्यांचा पासपोर्ट, आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असेल तर तेही. गर्भवतींना बहुतेक कंपन्या २४ वा आठवडा लागल्यावर घेत नाहीत, आणि त्याआधीही डॉक्टरांचे पत्र मागतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला सहसा परवानगी नसते.

पहिली क्रूझ सिंगापूरहून करणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. विमानाने सिंगापुरात उतरणे हा पहिला प्रवेश, जहाजाने मलेशियाला जाऊन परत येणे हा दुसरा. म्हणून व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा, आणि सिंगापूरचे ऑनलाइन आगमनपत्र दोन्ही वेळा, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरावे लागते. तिथे टर्मिनलही दोन आहेत, एक मरिना बे आणि दुसरे हार्बरफ्रंट. टॅक्सीवाल्याला नाव नीट सांगा. परदेशी पॅकेजवर कापलेला टीसीएस (पैसे भरतानाच घेतलेला कर) आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, त्याची पावती जपा. विम्यात जहाजावरचे उपचार आणि तिथून रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरला आहे का ते पाहा. जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो.

सामान

आगीशी संबंध असलेली प्रत्येक वस्तू सुरक्षा तपासणीत काढून घेतात: इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड, मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन. रोजची पूजा असेल तर फुले आणि जपमाळेवर भागवा. बाहेरची दारू आणि घरचे शिजवलेले अन्न सहसा नेऊ देत नाहीत. औषधी पथ्याचे किंवा बाळाचे खाणे असेल तर आधी मेल करून परवानगी घ्या आणि ती छापून बरोबर ठेवा.

आवर्जून न्यायच्या वस्तू थोड्याच आहेत. चार लोहचुंबकी हुक घ्या, कारण केबिनच्या भिंती बहुधा पत्र्याच्या असतात आणि ओले टॉवेल, टोप्या, पिशव्या टांगायला जागा नसते. तीन-चार यूएसबी तोंडांचा एक चार्जर. सपाट आणि गोल, दोन्ही पिनांचा अ‍ॅडॉप्टर. एसीसाठी पातळ स्वेटर आणि मोजे. पूलचे कपडे मात्र हातातल्या पिशवीत ठेवा: मोठ्या बॅगा टर्मिनलवर घेतात आणि केबिनपाशी पोहोचवायला कधी कधी संध्याकाळ होते. औषधे, कागदपत्रे, चार्जर आणि मुलांचा एक जोड कपडेही त्याच पिशवीत.

चढण्याचा दिवस

जहाज कुणासाठी थांबत नाही. बोर्डिंग सुटण्याच्या बरेच आधी बंद होते, ती वेळ तिकिटावर वेगळी छापलेली असते. पुण्याहून सकाळी ७.१५ ची डेक्कन क्वीन १०.२५ ला सीएसएमटीला येते आणि तिथून बॅलार्ड पिअर, म्हणजे जहाज सुटते तो धक्का, टॅक्सीने काही मिनिटांवर आहे, त्यामुळे ती चालते. नागपूर, संभाजीनगर, कोल्हापूर किंवा कोकणातून येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच मुंबईत यावे. विमानाने येणाऱ्यांना मेट्रो ३ विमानतळावरून थेट सीएसएमटीला आणते.

आत गेल्यावर सगळे बुफेकडे धावतात. मुख्य रेस्टॉरंट उघडे असेल तर तिथे जा, बसून जेवता येईल. जैन, उपवासाचे किंवा अंडेविरहित जेवण बुकिंगच्या वेळी लिहून दिलेले असले तरी पहिल्याच जेवणाला मुख्य वेटरला भेटून पुन्हा सांगा. त्याच फेरीत कार्यक्रमाच्या आणि खास रेस्टॉरंटच्या जागा राखून घ्या.

सुरक्षा कवायत टाळू नका. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज म्हणजे आपापल्या जमण्याच्या ठिकाणी जायचे. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडले तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांची कवायत झालेली नव्हती. २०१५ पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणे बंधनकारक आहे. केबिनपासून जमण्याच्या ठिकाणापर्यंत मुलांना घेऊन एकदा जिन्याने चालून पाहा. आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते.

जहाज सुटताना उघड्या डेकच्या उजव्या बाजूला उभे राहा. गेटवे, ताजचे घुमट, मग कुलाबा आणि शेवटी प्राँग्स दीपस्तंभ याच बाजूने मागे सरकतात. त्यानंतर डाव्या बाजूला या. उजेड असेल तर खांदेरी दिसते आणि अंधार पडल्यावर कोकणच्या किनाऱ्याचे दिवे लागतात. गोव्याकडे जाताना सूर्यास्त उजवीकडे आणि सूर्योदय डावीकडे, परतताना याच्या उलट. किनारा सुटू लागला की मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला तो आपोआप जोडला गेला तर बिल मोठे येते.

बोट लागणे

कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण हलतो आहोत आणि डोळ्यांपुढची भिंत सांगते की आपण स्थिर आहोत. या विसंगतीने मळमळते. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर उलटीतून बाहेर पडते. मेक्लिझिनसारखी गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यावी लागते. या गोळ्यांनी गुंगी येते, दारूबरोबर त्या घेऊ नयेत, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

मळमळू लागले तर केबिनमध्ये जाऊन मोबाइल पाहत पडू नका. मध्यावरच्या उघड्या डेकवर जा आणि क्षितिजावर नजर ठेवा. पोट रिकामे ठेवू नका, कोरडी बिस्किटे किंवा आलेपाकाची वडी चघळा. पहिल्या रात्री तळकट जेवण कमी ठेवा.

पोट बिघडण्याचे दुसरे कारण नोरोव्हायरस. त्यावर सॅनिटायझर पुरेसा पडत नाही. बुफेआधी साबणाने हात धुवा. डायपरमधल्या बाळांना बहुतेक पूलमध्ये उतरू देत नाहीत.

गोव्याचा दिवस

मुरगावहून पणजीला जायला रस्त्याने सुमारे तास लागतो, कळंगुट त्याहून लांब. जहाज सात-आठ तास थांबणार असेल तर कळंगुट-बागा सोडून द्या. जुने गोवे आणि पणजीतली फोंतेन्यास ही जुनी वस्ती एवढे नीट पाहून होते, नाहीतर जवळचा बोगमाळो किनारा गाठा. टॅक्सी ठरवताना परतीची वेळ आणि सगळे धरूनचे भाडे आधी बोला. जहाज सुटण्याची वेळ आणि प्रवाशांनी परत चढण्याची शेवटची वेळ वेगळ्या असतात. दुसरी वेळ पाळा आणि तिच्याही तासभर आधी बंदरावर या. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज बहुधा वाट पाहते, तुमच्या टॅक्सीसाठी पाहणार नाही.

शेवटची रात्र आणि उतरणे

आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि औषधे बाजूला काढल्याशिवाय बॅग बंद करू नका. त्याच रात्री काउंटरवर गर्दी नसताना बिल छापून घ्या आणि ओळ न ओळ तपासा, सकाळी तिथे लांब रांग असते.

उतरायला सकाळचे दहा-अकरा वाजू शकतात, म्हणून परतीची गाडी दुपारनंतरची काढा, पुण्यासाठी ५.१० ची डेक्कन क्वीन निवांत मिळते. जमिनीवर आल्यावर काही जणांना एखादा दिवस डोलल्यासारखे वाटत राहते. ते आपोआप जाते, पण तसे वाटत असताना एक्स्प्रेसवे किंवा कसारा घाटातून स्वतः गाडी चालवत घरी निघू नका. ड्रायव्हर बोलवा, नाहीतर रेल्वे धरा.